श्रीदेवीच्या श्वासनळीतून

मित्रांनो, मी एक जुना ग्राही आहे. ग्राही म्हणजे निरोप घेणारा. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या श्रीदेवीच्या श्वासनळीत, स्नायूच्या भिंतीत मी रुतून बसलो आहे. मज्जातंतू रसायनांचे सूक्ष्म कण सोडतात, ते मला येऊन चिकटतात, आणि मी स्नायूला सांगतो, आवळ. नाही म्हणायची मला सोयच नाही.

पूर्वी माझं कौतुक होतं. धूर आत शिरला की मी नळी जराशी आवळायचो, श्रीदेवी खोकायची, घाण बाहेर पडायची. पुढे तिला गोधड्यांतल्या धुळीची ॲलर्जी जडली. नळी आतून सुजली, मज्जातंतू चिडखोर झाले, माझ्यासारखे ग्राहीही वाढले. मग उदबत्तीच्या वासानंसुद्धा आम्ही तिचा श्वास कोंडू लागलो.

डॉक्टरांनी दोन पंप दिले. एक रोजचा, सूज उतरवणारा. दुसरा दम लागला की घ्यायचा. रोजच्या पंपानं आम्ही शांत झालो. तशी तिच्या सासूबाई, सिद्धम्मा, म्हणाल्या, "आता बरी हायस की. पंपाची सवय लागली तर सुटत न्हाय." श्रीदेवीनं रोजचा पंप सोडला.

सासूसुना घरी शेंगाचटणी करून विकायच्या. एका दुपारी श्रीदेवी उखळात सुक्या मिरच्या कुटत होती. खकाणा उडाला. मज्जातंतू पेटले, निरोपांवर निरोप आले. मी आवळत गेलो. मला थांबायचं होतं, पण भिंतीतून सुटून जाणार कुठे? श्रीदेवीला शब्द फुटेना. ओठ निळे पडले.

सिद्धम्मा कढई तशीच टाकून धावल्या. कपाटातला दुसरा पंप त्यांनी तिच्या तोंडाला लावला. "ओढ पोरी, ओढ." त्या औषधानं माझ्या शेजारच्या वेगळ्या ग्राहींना गाठलं, स्नायू थोडा सैल झाला. तेवढ्यावर रिक्षा दवाखान्यात पोचली.

वाफेचं औषध घेऊन श्रीदेवी सावरल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "रोजचा पंप का बंद केला?"

"विसरले मी," श्रीदेवी हळूच म्हणाली.

"इसरली न्हाय ती," सिद्धम्मा म्हणाल्या. "मी सोडायला लावला."

आता मिरच्या गिरणीत दळून येतात. सकाळी सिद्धम्मा स्वतः सुनेच्या हातात पंप देतात आणि औषध तोंडात राहू नये म्हणून चूळ भरायला तांब्या घेऊन उभ्या राहतात. मी मात्र अजून इथंच अडकलेला आहे. मित्रांनो, घरात कोणाला दमा असेल, तर बरं वाटतंय म्हणून डॉक्टरांना न विचारता पंप सोडू देऊ नका. आम्हाला आपणहून गप्प बसता येत नाही. आम्हाला रोज गप्प ठेवावं लागतं.