सहाव्या पुष्पाचे अध्यक्ष

लोणावळ्यातल्या वाचनालयाच्या व्याख्यानमालेत सहावं पुष्प नसीर सरांचं, हे एकोणीस वर्षं ठरलेलं होतं. पहिली पाच पुष्पं पुण्याच्या डॉक्टरांनी गुंफावीत नाहीतर मुंबईच्या वकिलांनी. शेवटचं इतिहासाचं, आणि ते सरांचंच. यंदा कार्यवाह धम्मदीप पत्रिका घेऊन घरी आला तेव्हा वक्त्याच्या जागी अपेक्षाचं नाव होतं. सरांचं नाव त्याखाली, अध्यक्ष म्हणून.

आपल्याकडे माणसाला बाजूला सारायचं असलं की त्याला अध्यक्ष करतात. शाल मिळते, नारळ मिळतो आणि बोलायला शेवटची दहा मिनिटं मिळतात, तीही लोक चपला शोधत असताना. सरांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनी स्वतःच आजवर तिघांना असं अध्यक्ष केलं होतं.

त्यातून ही अपेक्षा त्यांचीच विद्यार्थिनी. वेहेरगावच्या सोपानभाऊंची मुलगी, नववी-दहावीला सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारी. आता पुण्यात इतिहासाची डॉक्टर झाली होती आणि मोबाइलवर तिची भाषणं लोक रिक्षात बसून ऐकत. विषय तरी दुसरा घ्यावा! पण नाही. ‘साम्राज्यं का बुडतात आणि आजच्या देशांनी काय शिकावं?’ या विषयावर सर स्वतः तीनदा बोलले होते.

“पोटात दुखतंय ना?” सरांची बायको ताजुन्निसा म्हणाली. “ओवा देऊ?”

“मला कशाला दुखेल? माझीच विद्यार्थिनी आहे. अभिमान वाटतो.”

“मग पत्रिका उलटी करून का ठेवलीत?”

सरांनी पत्रिका सुलटी केली. आठवडाभर त्यांनी अपेक्षाची सगळी भाषणं ऐकून काढली, चुका शोधायला. सापडली नाही एकही. एखादी सापडती तर त्यांना बरी झोप लागली असती.

व्याख्यानाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. सरांच्या वेळी मागच्या तीन रांगा रिकाम्या असायच्या. आज लोक भिंतीला टेकून उभे होते. सरांनी ते पाहिलं, खुर्च्या मोजल्या आणि मनात म्हटलं, यांच्यातले निम्मे मोबाइलमुळे आलेत. मग डायरी उघडून पेन्सिल हातात घेऊन बसले.

अपेक्षा कागद न घेता बोलत होती. राज्य शत्रूमुळे पडतं हे बखरीत लिहायला सोपं, ती म्हणाली. पण त्याआधी कितीतरी वर्षं दरबारात वाईट बातमी सांगणारा माणूस उरलेला नसतो. घाटातली वाट खचली हे हमालाला कळतं, नाकेदाराला कळतं, राजाला मात्र कळत नाही, कारण सांगेल त्याची मान जाते. आजच्या देशातही ज्याची मान जाण्याची भीती नाही असा एक तरी माणूस लागतो.

कुणी खोकलं नाही. सरांच्या व्याख्यानाला हटकून खोकणारे पोस्टातले गेणूभाऊसुद्धा गप्प बसले होते. हमालाचा दाखला आपल्याला तीस वर्षांत का सुचला नाही, या विचाराने सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलगी चांगली बोलत होती. वाईट बोलली असती तर त्यांनी तिला मनापासून शाबासकी दिली असती.

आणि मग, अगदी शेवटी, ती चुकली.

“आपल्या कार्ल्याच्याच लेण्यांचं पाहा,” ती म्हणाली. “इथल्या भिक्खूंच्या पोटापाण्यासाठी सातवाहनांनी कर्जिक नावाचं गाव दान दिलं. पुढे शक आले आणि त्यांनी ते दान मोडलं. आधीच्याने दिलेला शब्द जे राज्य मोडतं ते स्वतःही टिकत नाही. आजच्या देशांनी एवढं एक जरी घेतलं तरी पुरे.”

टाळ्या थांबेनात. सरांच्या हातातली पेन्सिल मात्र थांबली होती. आठवडाभर शोधलेलं आयतं ताटात येऊन पडलं होतं.

ते माइकसमोर गेले. शालीबद्दल आभार नाहीत, की वक्त्याचं कौतुक नाही. “वक्त्या बाईंनी उलटं सांगितलं,” ते म्हणाले. “ते गाव आधी दिलं शकांच्या राजाच्या जावयाने, उषवदाताने. सातवाहनांनी शकांना हरवलं, पण दान मोडलं नाही. तेच गाव त्याच भिक्खूंना पुन्हा दिलं. लेण्याच्या भिंतीवर कोरलंय. ज्या गोष्टीवर सगळा शेवट उभा केला तीच खोटी निघाली, तर बाकीच्यावर किती विसंबायचं ते श्रोत्यांनी ठरवावं.”

अपेक्षा उठली. क्षणभर तिने सरांकडे पाहिलं. “सरांचं बरोबर आहे,” ती म्हणाली. “चूक माझी. मी तपासायला हवं होतं.” आणि खाली बसली. मग सरांसाठी टाळ्या झाल्या. गेणूभाऊही वाजवत होते. सरांना वीस वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

लोक पांगल्यावर खुर्च्यांच्या घड्या घालता घालता धम्मदीप म्हणाला, “मानलं सर तुम्हाला. तुमच्या दुरुस्तीचा व्हिडिओ ग्रुपवर टाकलाय, चारशे जणांनी पाहिलापण. पुढल्या वर्षी सहावं पुष्प परत तुमचंच. पोरगी अजून कच्ची आहे.”

सर हसत होते तेवढ्यात सोपानभाऊ लेकीची पिशवी काखेत मारून जवळ आले.

“पोरीचं चुकलं, सर. माफी असावी.” म्हातारा म्हणाला. “बाकी समदं तिनं तीन-तीनदा तपासलं. ह्ये तेवढं न्हाई तपासलं. म्हनली, सरांनी शिकवलंय, त्यात काय तपासायचं? लिवून घेताना चुकली असंल. तुमची पुन्यांदा सही घ्यायला नववीची वही आनलीवती. कुटं चुकली, जरा दावता का?”

“आबा, वही ठेवा आत,” दारातून अपेक्षा घाईने म्हणाली. “चला, उशीर होतोय.”

पण वही सरांच्या हातात आली होती. उत्तर तिने आज सांगितलं तसंच होतं, सातवाहनांनी दिलं, शकांनी मोडलं. खाली लाल शाईत मोठी बरोबरची खूण, ‘शाबास’, आणि त्यांची सही. निवृत्तीनंतर कोरीव लेखांचं पुस्तक चाळताना त्यांना आपली चूक कळली होती. आपल्या शिकवायच्या जुन्या पुस्तकात त्यांनी ती पेन्सिलीने सुधारली होती, आणि एवढ्या तुकड्यांतल्या एकाही मुलाला कळवलं नव्हतं.

सरांनी वर पाहिलं. मुलगी मान खाली घालून पायरीवर उभी होती. चूक मुळात कुणाची हे तिला व्यासपीठावरच कळलं होतं, आणि तिने तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. तिथेही ती आपल्यापेक्षा वरचढ ठरली, हे त्यांना आत कुठेतरी चांगलंच झोंबलं.

“धम्मदीप, मोबाइल काढ,” ते म्हणाले. “आणखी एक व्हिडिओ घे.”

धम्मदीपने वहीत डोकावलं. “नको सर. हसं होईल तुमचं.”

“घे म्हणतो ना.”

सरांनी वही उघडून छातीशी धरली, लाल शाई दिसेल अशी. घसा खाकरला. समोर तीन माणसं होती आणि घड्या घातलेल्या खुर्च्या होत्या.

“मघाची चूक अपेक्षाची नाही, माझी आहे,” ते म्हणाले. “मी ती तीस वर्षं शिकवली.” मग मनाविरुद्ध त्यांनी पुढचंही सांगून टाकलं. “पण इतकी चांगली मला कधी सांगता आली नाही.”