खोट सांगणारा

अनिबालने खांदा लावून कपाट भिंतीपासून हातभर सरकवलं आणि गिऱ्हाइकाला बोटाने ओल दाखवली.

"दक्षिणेकडून पाऊस आला की इथून पाझरतं. बावीस वर्षं झाली. तीन गवंडी हरले."

गिऱ्हाईक दंतवैद्य होता. त्याने भिंतीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि दोन मिनिटांत त्याची गाडी कोपऱ्यावरून वळलीसुद्धा. महिन्याभरात पळालेलं हे चौथं गिऱ्हाईक.

झुल्मा मटकन खुर्चीत बसली. पायसांदू गावात तिने दलाली करून शेकड्यांनी घरं विकली होती, पण असा घरमालक पाहिला नव्हता. हे घर तिने मन लावून सजवलं होतं. भिंती पांढऱ्या करून घेतल्या, चिनी मातीची एकोणीस कुत्री खोक्यात भरून अनिबालच्या बायकोच्या, ओंदिनाच्या, बहिणीकडे पाठवली, आणि दर खेपेला ओंदिनाला संत्र्याचा केक भाजायला लावला; गिऱ्हाइकाला दारातच वास यायला हवा.

सगळ्यात जड गेला तो भाव. ओंदिनाला एक लाख वीस हजार डॉलर हवे होते, कारण तिच्या मावसबहिणीला तेवढे मिळाले होते.

"ओंदिनाबाई, तुमच्या आठवणींचे पैसे गिऱ्हाईक देत नाही," झुल्मा म्हणाली होती. "चढा भाव लावला की घर पडून राहतं, आणि पडून राहिलं की शिळं होतं. लोक म्हणतात, ह्यात काहीतरी किडलंय."

ओंदिना तीन दिवस फुगून बसली आणि एकोणऐंशी हजारांवर उतरली. दुसरा इलाज नव्हता. अनिबालच्या हृदयाच्या तपासणीसाठी दर पंधरवड्याला पाच तास बसने राजधानी मोंतेविदेओ गाठावी लागे. तिथे मुलीने स्वतःच्याच इमारतीत त्यांच्यासाठी जागा हेरली होती, आणि त्या जागेचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता.

"आता घरातली एकच वस्तू हलवायची राहिलीये," झुल्मा म्हणाली आणि तिने अनिबालकडे पाहिलं.

शनिवारी ओंदिनाने त्याच्या काखेत गरम पाण्याचा थर्मास दिला, हातात माते-चहा प्यायचा पोकळ भोपळा दिला आणि त्याला दाराबाहेर काढलं.

"चौकात जाऊन बस. मी बोलवेपर्यंत यायचं नाही."

"आणि त्यांनी न्हाणीघराचं विचारलं तर? गरम पाणी यायला—"

"चालायला लाग, म्हाताऱ्या!"

यामिला आणि फाब्रिसियो हे जोडपं वेळेवर आलं. दोघंही शाळेत शिक्षक. त्यांनी घर पाहिलं, केक खाल्ला, छान छान म्हटलं आणि "जरा गल्ली बघून येतो" म्हणून बाहेर पडले. तासाभराने परतले तेव्हा यामिलाच्या हातात कागद होता.

"कपाटामागे ओल," यामिला वाचू लागली. "गरम पाणी यायला सात मिनिटं. मागचं दार जानेवारीच्या दमट उन्हाळ्यात फुगतं. शेजारचा पोपट शिव्या देतो, त्याही आपल्या मालकिणीच्या आवाजात."

"कोणी सांगितलं हे?" झुल्माने विचारलं, खरं तर तिला ठाऊक होतं.

"चौकात एक आजोबा बसलेत. आम्ही गल्लीबद्दल विचारलं, तर त्यांनी ह्या घराचा पाढाच वाचला."

ओंदिनाने डोळे मिटून घेतले.

"आत्तापर्यंत सहा घरं पाहिली," फाब्रिसियो म्हणाला. "सगळीकडे सगळं उत्तम. घरी गेलो की रात्रभर वाटायचं, हे काय लपवतायत? ह्या घराचं निदान सगळं कळलं. आम्ही घेतो. एकोणऐंशीला."

झुल्माने त्याचं मन बदलायच्या आत पेन पुढे केलं.

ओंदिना चौकात गेली तेव्हा अनिबाल बाकावर बसला होता. थर्मास कधीच रिकामा झाला होता, तरी तो भोपळ्यातली नळी ओढत होता.

"पळाले ना?" त्याने विचारलं. आवाजात आशा होती, आणि ती लपवण्याइतकंही खोटं त्याला जमत नव्हतं.

तिच्या ओठांवर आलेली शिवी तिथेच विरली. चार गिऱ्हाइकं का पळाली ते तिला आत्ता कळलं. ती त्याच्या शेजारी बसली.

"मुलीकडची ती जागा," ती म्हणाली. "पाहून आलास ना मागल्या खेपेला? कशी आहे?"

अनिबाल सरसावून बसला. "कशी असणार? लिफ्ट म्हणजे उभी शवपेटी. वरच्या मजल्यावर कोणीतरी टाचांच्या चपला घालून फिरतं. ओटा इतका बुटका, की तुझी कंबर आठ दिवसांत जाईल. जिन्यात मांजराचा वास…"

एरवी ती दुसऱ्याच वाक्याला त्याला गप्प करायची. आज ऐकत राहिली. बोलता बोलता तो थांबला. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं.

"घेतलं त्यांनी?"

ओंदिनाने त्याच्या हातातून भोपळा घेतला, ओली पानं बाकामागे झटकली.

"तिथल्या खिडकीचं सांगायचं राहिलं," ती म्हणाली.

अनिबालने रिकाम्या थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"खिडकी," तो म्हणाला, "बरी आहे."