तोंड आत केलेला दगड

जिवनबाईनं टेपच्या टोकावर पाय ठेवला तो ठेवलाच.

टेपचं दुसरं टोक चिटणीससाहेबांच्या हातात. साहेब हिंगोलीहून आलेले, चर्चच्या मंडळाचे. पायात पांढरे बूट, आणि बूट आत्ताच पिवळे झालेले. कारण चर्चच्या अंगणात अर्ध्या गावाची शिजवलेली हळद वाळत पडली होती. अख्ख्या गावात सपाट, झाडलेली जागा ती एवढीच. झाडणारी जिवनबाई.

“बाई, पाय काढा.”

“काहून?”

“लांबी मोजायची आहे.”

“जित्याचं माप घेऊन राहिले का साहेब? माप मेल्यावर घेतेत.”

हळद पसरणाऱ्या बाया हसल्या. साहेबही अर्धं हसले आणि मग खरं सांगून टाकलं. जुनं चर्च गळतं, कौलं सरकलीत, पाडायचं. त्या जागी स्लॅबचं होईल. वर भोंगा.

“अन् घंटी?”

“भोंगा असल्यावर घंटा कशाला?”

जिवनबाई चाळीस वर्षं ती घंटा वाजवत आली. लग्नाला वेगळी, मयताला वेगळी. नवरा गेला तेव्हा स्वतःच वाजवली, आणि मग रडायला घरी गेली.

“हे लई जुनं हाय, साहेब.”

“लई म्हणजे किती? शंभर वर्षं भरली असतील तर मंडळ पाडत नाही, दुरुस्त करतं. तसा ठरावच आहे. पण लेखी पुरावा पाहिजे. पुढच्या रविवारी येतो.”

जिवनबाईनं पाय उचलला. टेप सुळकन साहेबांच्या हातात गेला.

*

संतराम मास्तरांनी त्याच संध्याकाळी वही घेतली. निवृत्त झाल्यापासून ते असल्या कामाची वाटच बघत होते.

पान पहिले. आमच्या गावचे चर्च सन ______ साली बांधण्यात आले. तेव्हा निजामाचे राज्य होते. एक गोरे साहेब बैलगाडीतून आले. काळा दगड ओढ्यातून आणला.

(जिवनबाई म्हणते, बैलांचं लिवा. साहेब मायदेशी गेला, बैल इथंच राबून मेले. लिहितो. नावे शोधणे.)

पान दुसरे. नीलाबाई, वय नव्वद किंवा जास्त, यांची साक्ष:

“माझ्या सासूचं लगीन ह्याच चर्चात लागलं. नवं नवं व्हतं. चुना वला. भिंतीला टेकली अन् लुगडं पांढरं झालं.”

“साल कोणतं, आजी?”

“वढ्याला पूर आल्ता ते.”

“कोणता पूर?”

“मोठा.”

पान तिसरे. ~~घंटेवर सन १८९१ असे कोरलेले आहे. यावरून चर्च~~

हे पान जिवनबाईनं खोडायला लावलं. “घंटी दुसरीकडून जुनी आणली, हे तुमाला ठाव हाय अन् मलाबी. देवाच्या घराचं हाय मास्तर, खोटं नगं.”

पान चौथे. (कोरे.)

*

शुक्रवारी सकाळी चाँद पाशा आपली हळद खालवर करायला आले. गावातले जुने गवंडी. मास्तर पायरीवर डोकं धरून बसलेले, शेजारी जिवनबाई. चाँद पाशांनी दाताळं भिंतीला लावलं, टोपी काढली, परत घातली.

“मास्तर, एक बोलू? दगड हाय.”

“कसला?”

“सालाचा. नाव, साल, समदं कोरलेला.”

“कुठं?” मास्तर उभेच राहिले.

“उगवतीच्या कोपऱ्यात, जमिनीपासून दोन हात. पण तोंड आत हाय.”

जिवनबाईनं झाडू खाली ठेवला.

“ही भिंत माह्या पणज्यानं बांधली,” चाँद पाशा सांगू लागले. “गोऱ्या साहेबानं कोरीव दगड आणून दिला अन् दौऱ्यावर गेला. पणज्याला कुणी सांगितलं, ह्याच्यावर देवाचं नाव हाय. आमच्या घरी तसा कागद असला तर कपड्यात बांधून वर ठेवतेत. अन् हा उघड्यावर? कुत्रं येईल, पाऊस मारंल, कोणी पान खाऊन थुकंल. त्यानं अदबीनं तोंड आत केलं. साहेब आला तवर वर कौलं चढली व्हती.”

“मंग साहेब?”

“दगड कुठाय, म्हणला. पणजा म्हणला, भिंतीत हाय. ते खरंच व्हतं.”

“अन् तुमी चार पिढ्या गप?”

“गप कशाचे? घरात हसतच व्हतो.”

जिवनबाईला हसू आलं, पण ते अर्ध्यात थांबलं. “काढला तर भिंत ऱ्हाईल का, चाँदभाई?”

चाँद पाशांनी कोपऱ्यावर तळहात ठेवला, घोड्याच्या पाठीवर ठेवावा तसा. “बराबर टेकू दिले तर ऱ्हाईल. न्हाई ऱ्हायली तर साहेबाचं पाडायचं काम वाचलं.”

*

शनिवार. बाभळीचे तीन टेकू. पहार. अंगणातली हळद बाजूला सरकवलेली. भिंतीपासून दहा हात लांब उभं गाव.

दगड हलला. वरून चुन्याची भुकटी पडली. एक कौल सरकलं, थांबलं. जिवनबाईचे डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

भिंत राहिली.

चाँद पाशांनी दगड पालथा होता तो उताणा केला, फुंकर मारली. अक्षरं काल कोरल्यासारखी. एक थेंब पाऊस लागला नव्हता त्यांना.

मास्तरांनी वाचलं. “प्रभूच्या गौरवासाठी. सन १९२७.”

मग बोटांवर मोजलं. परत मोजलं. आपण दोन हजार पंचविसात.

“अठ्ठ्याण्णव.”

“मास्तर, नीट मोजा की,” चाँद पाशा म्हणाले.

“मोजलं, बाबा.”

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “चाँदभाई, टाकीचे दोन घाव घाला. आकडा मागं जातो.”

चाँद पाशा काही बोलायच्या आत जिवनबाई वळली. “त्याच्या पणज्यानं अदबीनं झाकून ठेवलं, अन् तू टाकी लावतो व्हय रं?”



*

रविवारी उपासनेनंतर साहेबांनी दगड बघितला. त्यांनाही वाईट वाटलं. बूट आज काळे होते.

“दोनच वर्षं कमी, बाई. पण नियम तो नियम.”

“बराबर हाय,” जिवनबाई म्हणाली. “साहेब, मागल्या साली कौलांचा अर्ज दिल्ता. कुठवर आला?”

“विचाराधीन आहे.”

“त्याच्या आदल्या साली खिडकीचा?”

“तोही.”

“अर्ज वाचाया मंडळाला किती दिस लागतेत?”

साहेब खरं बोलणारा माणूस. “दोन-अडीच वर्षं जातातच.”

“अन् अर्ज वाचायचा असताना पाडता येतं का?”

“नाही येत. पण अर्ज अख्ख्या चर्चच्या दुरुस्तीचा पाहिजे, सुट्या कौला-खिडकीचा चालत नाही.”

“मंग दुरुस्तीचा अर्ज आजच घ्या. तुमी निवांत वाचा.”

आधी नीलाबाई हसली, मग सगळं अंगण. शेवटी साहेबांनी पेन काढलं आणि मास्तरांनी तिथंच लिहिलेल्या अर्जावर पोच दिली. तारखेसकट.

“तोंड कुणीकडं करू?” चाँद पाशांनी दगडाला हात घालत विचारलं.

जिवनबाई दोरीकडं निघाली होती. “व्हतं तिकडंच. शंभर भरले की, सत्तावीस साली फिरवा. तवर पाऊस लागू देऊ नगा त्याला.”

घंटा वाजली. लग्नाची वाजते तशी.

*

पान शेवटचे. आमच्या गावचे चर्च सन १९२७ साली बांधण्यात आले. पुरावा भिंतीत आहे. खात्री करायची असल्यास चाँद पाशांना विचारावे; ते हळद उलथायला रोज येतात. बैलांची नावे मिळाली नाहीत. जिवनबाई म्हणते, जागा सोडून ठेवा.

______ आणि ______.