दौंडच्या भावाला कुणीतरी सांगा

मित्रांनो, हे दोडक्याचे वेल जरा बाजूला सारा, म्हंजी मी दिसंन. मी हॉकीचा लोखंडी गोलपोस्ट हाय.

घोड-भीमा हॉकी लीग निघाली तवा सणसवाडीच्या एका शेडमधी मला आन् माझ्या भावाला वेल्डिंग करून बनवलं. पाइप एक, रंग एक. भाऊ दौंडला गेला, मी शिरूरला आलो. त्याला भीमेच्या कोळ्यांनी निळी जाळी विणून दिली. मला मार्केट यार्डातल्या लाल कांद्याच्या गोण्या शिवून लावल्या. लोक हसायचे. तवापासून माझा जळफळाट सुरू हाय.

खेळाडूंना पगार व्हता, कंपन्यांचे टी-शर्ट व्हते. तिसऱ्या वर्षाची फायनल माझ्यापुढं झाली. शेवटी शेवटी दौंडच्या पोरानं चेंडू असा हाणला, की आत आला आन् दोन गोण्यांची शिवण उसवून मागं बाहेर पडला. अंपायर शिरूरचे मच्छिंद्रआबा. ते म्हणाले, जाळीत चेंडू न्हाई, म्हंजी गोल न्हाई. हाणामारी झाली. मॅच परत दौंडला खेळवली, शिरूर जिंकलं. झेंडूचे हार, फोटो, सगळं भावाला! माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी गोल कुणी धरलाच न्हाई. दौंडवाले रुसून लीगमधनं गेले ते गेलेच, लीग बंद पडली. आबांनी मला शेतात आणून माझ्यावर दोडके चढवले.

भावापुढं अजून रेल्वे कॉलनीतली पोरं खेळत्यात म्हणं. खेळू द्या. मला काय!

परवा आबांनी मला कापून फाटक करायला वेल्डर सांगितला. तेवढ्यात शेजारची प्रांजल आली. पोरींच्या टीमला गोलपोस्ट पायजे, म्हणाली. ह्याला जाळी कुठं धड हाय, असं म्हणून आबांनी तिला वाटंला लावायला बघितलं. तिनं वेल सारले आन् उसवलेल्या शिवणीतून हात घातला.

"आबा, चेंडू हितून गेला व्हता न्हवं?"

आबा एक दोडका तोडून हातात फिरवत बसले.

"व्हय," म्हणाले. "आतूनच गेला व्हता. गोल व्हता तो."

वेल्डर आला तसा माघारी गेला.

आता प्रांजल सुतळीनं शिवण घालतीय. निळी जाळी आणू का, असं इचारत व्हती. मला नकोय त्याची जाळी.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, फाटलं तर शिवा. पण तिच्यापुढं जे खरं झालं, ते कबूल करा. आन् दौंडला गेलात तर तेवढं भावाला सांगा: फायनलचा गोल माझ्यात झाला व्हता.