राबाची चौथी बाजू

पुतळाबाईने वाण्याच्या दुकानातला फोन दोन्ही हातांनी धरला आणि ओरडून सांगितलं, "बंब पाठवा. उद्या सकाळी राब भाजायचाय."

"आग कुठे लागलीय, आजी?" पलीकडून राकेशने विचारलं.

"लागली न्हाय अजून. तुमीच सांगितलंत ना, आधी कळवा!"

राकेशला हसू आलं. गेल्याच आठवड्यात अग्निशमन केंद्रातर्फे तो भिवंडीजवळच्या त्या गावात जाऊन आला होता. भाताची रोपं करायची तर जमीन भाजावीच लागते, राब नको म्हणून कुणी ऐकलं नसतं. पण त्याच विस्तवातून दरवर्षी डोंगरावर वणवा चढायचा. म्हणून त्याने एवढंच सांगितलं होतं की भोवतालचं गवत कापा, वारा सुटायच्या आत पेटवा, चारही बाजूंना ओलं पोतं घेऊन माणूस ठेवा आणि आम्हाला कळवा. कळवणारी ही पहिलीच.

सकाळी बंब धामणकर नाका ओलांडून गावात पोहोचला, तेव्हा शेण, पाला, पेंढा पसरून राब तयार होता. एका बाजूला पुतळाबाई, दुसऱ्या बाजूला मुलगा मनोज, तिसरीकडे सून मृणाली.

"चौथ्या बाजूला कोण?" राकेशने विचारलं.

मनोजने मान वळवली. बांधापलीकडे पुतळाबाईच्या धाकट्या दिराचं, महादूचं शेत होतं. काही वर्षांपूर्वी याच राबाची ठिणगी उडून त्याची पेंढ्याची उडवी जळाली होती. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद.

राकेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याला फक्त बांधावर बसलेला माणूस दिसला.

"काका, जरा इथे उभं राहाल? पोतं देतो भिजवून."

महादू उठला. पाठीमागे ठेवलेलं पोतं त्याने उचललं. त्यातून पाणी ठिबकत होतं.

पुतळाबाईने ते पाहिलं. पदर कमरेला खोचला आणि काडी ओढली.

पेंढा भडकला. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि एक पेटतं पान बांधावरच्या गवतात पडलं. राकेश पाइप घेऊन धावला, तोवर महादूने पोतं आपटून ते विझवलंही होतं.

"वहिनी, मागं सर!" तो ओरडला. "पदर सांभाळ!"

पुतळाबाई मागे सरली. तिने डोळे पुसले. धूर बराच होता, सगळेच डोळे पुसत होते.

राब काळा पडला. राकेशने कडेकडेने पाणी मारलं. मृणालीने सगळ्यांना चहा दिला, पण महादू बांधावरच थांबला होता. पुतळाबाई घरात गेली, चुलीपाशी थोडा वेळ राहिली आणि वेगळा कप घेऊन बांध ओलांडून गेली.

महादूने कप घेतला नाही. "मला साखर बंद केलीय डॉक्टरनं. दिवाळीपासून."

"घातलीच न्हाय."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुला कुनी सांगितलं?"

"पी आधी," पुतळाबाई म्हणाली. "निवतोय."