अकरावा महिना

यशोधरानं लेकराचं झबलं गळ्यापर्यंत वर केलं आणि मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं.

"कुणी बोलू नका. एकच मिनिट."

पण गुरम्मा गप्प बसेल तर शपथ! नातू आजारी, मग आजीच्या जिभेला दम कुठला?

"तीन दिस झाले, सिस्टरबाई. पोट कसं उडून राहिलंय बघा. शेजारची भामाबाई म्हणती छातीत कफ भरून डबा झालाय, पोटावर चटका दे. म्या म्हणलं, आधी बाईला दावते."

"अव्वा, पाया पडते तुमच्या. मोजू द्या."

मग घरात नुसती लेकराची घरघर. गुरम्माच्या सुनेनं, शिवकांतानं, पोराला मांडीवर घट्ट धरलं होतं. स्वतःचा श्वासही ती धरून बसली होती. खोकला साधा की छातीत उतरलेला न्यूमोनिया, हे ओळखायला उपकेंद्राच्या नर्सजवळ होतं तरी काय? एक घड्याळ आणि दोन डोळे. लेकरू वर्षाच्या आतलं असेल, तर मिनिटाला पन्नासच्या आत श्वास चालतात. वर्ष उलटलेलं असेल, तर चाळीस झाले की न्यूमोनिया धरायचा.

सेहेचाळीस भरले.

"कितवा महिना?"

"अकरावा चालूय," गुरम्मा म्हणाली.

शिवकांतानं सासूकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

यशोधरानं बरगड्यांखाली निरखून पाहिलं. छाती आत ओढली जात नव्हती, पोरगं पेज पीत होतं. तिचा जीव भांड्यात पडला. जिल्हा नवा झाला तरी या गावाला एस.टी. दिवसातून एकच, आणि ती सकाळीच गेलेली.

"साधा खोकला आहे. कोमट पाणी पाजत राहा. चटका-बिटका अजिबात नको."

उठता उठता तिनं पोराच्या डोळ्यांवरची झुलपं बाजूला सारली. "याचं जावळ तरी काढा हो. किती उकडत असेल बिचाऱ्याला."

"कुठलं काढता, बाई? आमच्यात वरसाच्या आत, महादेवाच्या आडावरच काढायचं. आडात घागर बुडंना. शिवरात्रीची जत्राच भरली न्हाई औंदा."

"शिवरात्रीला कितवा होता हा?"

"अकरावा की."

यशोधरानं बोटांवर महिने मोजले. फाल्गुन, चैत्र, वैशाख.

"मग आता अकरावा कसा, अव्वा?"

"जावळ निघंस्तवर अकरावाच म्हणायचा. देवाचं ऱ्हायलं अन् वरीस सरलं म्हणलं, तर लेकराला बाधतं."

"चौदावा हाय, बाई," शिवकांता पहिल्यांदाच बोलली. "मला ठावं हाय."

यशोधरानं पिशवी पुन्हा उघडली. श्वास पुन्हा मोजले. अठ्ठेचाळीस. तिनं चमच्यात न्यूमोनियाची गोळी कुस्करली, पाण्यात कालवली आणि पोराला पाजली.

"पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ. परवा मी येतेच. छाती आत ओढली गेली, नाहीतर प्यायचं बंद केलं, तर थांबायचं नाही. पाण्याच्या टँकरवर बसा आणि तालुक्याचा दवाखाना गाठा."

गुरम्मानं कपाळावर हात मारून घेतला. "माज्या जिभेनं घात केला असता की गं, माय!"

"कळलं ना वेळेवर? झालं तर." पण बोलता बोलता यशोधरा थांबली. "हा आडावरचा देव आणखी कुणाकुणाचा?"

"साऱ्या गल्लीचा."

यशोधरानं वही उघडली. सकाळचीच ओळ होती, तिच्याच अक्षरात. महादेवप्पाची नात. वय अकरा महिने. श्वास अठ्ठेचाळीस. साधा खोकला.

महादेवप्पाचं घर तीन दारं सोडून. चपला घालायचंही तिला सुचलं नाही. तापलेल्या फुफाट्यातून ती अनवाणीच धावली.

दारात महादेवप्पाची सून धान्य पाखडत बसली होती. यशोधराला पाहून तिचा चेहरा फुलला.

"या बाई! तुमच्या कोमट पाण्यानं गुण आला बघा. दुपारधरनं पोरगी खोकलीच न्हाई. उठवलं तरी उठंना, इतकी गाढ निजलीय."