झाकणीखालचे अनंता

मी गुणाबाईंच्या देव्हाऱ्यातला काचेचा ग्लास. बोलायची माझी रीत नाही. पण त्या मंगळवारी माझ्यापायी एक माणूस घरीच बसणार होता, तेवढं सांगून टाकतो.

माझं मूळ वाळूत. भट्टीत वितळलो, साच्यात बसलो आणि गवतात गुंडाळून भिवंडीच्या एका गोदामात उतरलो. आम्ही सहा भावंडं. तिथल्याच टेमघरच्या या घरात चहा-सरबत देता देता पाच जण फुटले. शेजारच्या कापडाच्या लूम सुरू झाल्या की इथली फळी थरथरते, काठावरची वस्तू सरकत सरकत खाली येते. मी एकटा उरलो, तेव्हा गुणाबाई म्हणाल्या, याला देवानं राखलाय, आता हा देवाचाच.

त्यांचे यजमान अनंता लूमवर कामाला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तुटलेला धागा दिसेना, म्हणून शेठने त्यांना गेटवर बसवलं. एकदा तर त्यांनी सख्ख्या मेहुण्याला "या वहिनी" म्हटलं. घर हसलं, गुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पाच मंगळवार धरले. पहाटे मला भरायचं, तुळशीचं पान सोडायचं, पितळी झाकणी ठेवायची आणि दिवेलागणीपर्यंत जागचं हलवायचं नाही. मग ते पाणी सगळ्यांनी तीर्थ म्हणून घ्यायचं.

पाचवा मंगळवार आला आणि नेमकी त्याच दिवसाची ऑपरेशनची तारीख मिळाली होती. फुकटचं शिबिर होतं. चुकलं तर पुढचं थेट दिवाळीनंतर.

गुणाबाईंनी अनंतांचा आगपेटीहून लहान फोटो देवापुढे ठेवला. पंख्याने तो दोनदा उडाला. तिसऱ्यांदा उडू नये म्हणून त्यांनी मला भरलं, सवयीप्रमाणे माझा तळ पदराने कोरडा पुसला आणि मला फोटोवरच ठेवून वर झाकणी घातली. हात जोडले, डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा समोर मी होतो, पाणी होतं, तळाशी नुसती चांदीसारखी चमक होती. फोटो नव्हता.

त्यांनी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. नव्हताच. त्यांनी देव्हाऱ्यापुढेच बसकण मारली.

"अहो, आज जायचं न्हाय."

अनंता सदरा घालून तयार होते. सून रीमा गोदामातली शिफ्ट बदलून आली होती, रिक्षा दारात उभी होती. रीमा म्हणाली, फोटो खालीच असेल, ग्लास उचलून बघा. गुणाबाईंनी मान हलवली. दिव्याआधी ग्लास उचलला तर पाचही मंगळवार फुकट. आणि देवाने धन्याचा चेहरा डोळ्यांदेखत काढून घेतल्यावर त्याला कुणाच्या सुरीखाली पाठवायचं?

"मला तर तसंही काय दिसत न्हाय," अनंता म्हणाले. "आता तुलापन दिसेना झालं. दोघंबी जाऊ चल."

रिक्षावाल्याने हॉर्न दिला.

माझ्या पोटात काय चाललं होतं ते मी कसं सांगणार? फोटो आणि माझा तळ यांच्यामध्ये हवेचा बारीक पदर राहिला होता. त्या हवेतून पाण्यात शिरताना प्रकाश मोडून उभा झाला. असा उभा किरण माझ्या उभ्या भिंतीला फारच तिरका लागतो. प्रकाश पाण्यात हळू चालतो, हवेत भरधाव, म्हणून पाण्यातून बाहेर पडताना तो भिंतीकडे झुकतो. जितका तिरका येतो तितका जास्त झुकतो. शेवटी भिंतीला लागूनच सरपटतो, आणि त्याहूनही तिरका आला तर बाहेर पडायला वाटच उरत नाही. मग तो सगळाच्या सगळा आत वळतो, थेंबभरही सांडत नाही. माझी काच आरपार, कुठे पारा नाही, तरी त्याच्यापुरता मी आरसा होतो. एवढी वर्षं झाली, दर वेळी मला अंगावर काटा आल्यासारखं होतं. अनंतांचा चेहरा असा वळत वळत वर चालला होता. वर झाकणी होती.

"आई," रीमा हळूच म्हणाली, "तुळस सोडायची राहिली."

खरंच राहिली होती. गुणाबाई उठल्या. झाकणी उचलायला मनाई नव्हती. पान हातात घेऊन त्या माझ्यावर वाकल्या आणि तशाच राहिल्या. खालून फोटोतले अनंता त्यांच्याकडे बघत होते, होते त्याहून जवळ आल्यासारखे.

त्यांनी पुढून पाहिलं. नाही. वरून पाहिलं. आहेत. चार वेळा केलं. पाण्यात एक टिपूस पडलं.

"आडवं बघितलं तर न्हाय," त्या म्हणाल्या, "वरून बघितलं तर हाय. देव तर वरूनच बघतो."

मग त्यांनी पान सोडलं, पदर खोचला आणि सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या.

रीमाला हे आधीच ठाऊक होतं, का तिला खरंच नुसती तुळस आठवली, ते मला आजवर कळलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. अनंता काळा चष्मा लावून घरी आले, देव्हाऱ्याला हात जोडले, मग चष्मा जरासा वर करून गुणाबाईंकडे बघत राहिले.

"अगं, तुझे केस एवढे पांढरे कधी झाले?"

त्या हसल्या. मी या घरात आल्यापासून इतकं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या डोळ्यासाठी दिवाळीनंतरची तारीख आहे, पाच मंगळवार पुन्हा धरलेत. फोटो पुन्हा माझ्याखाली आहे. माझ्या काठाचा टवका उडालाय, फळी रोज थरथरते, एक दिवस मीही खाली येईन. तोवर कधी आलात आणि माझ्या तळाशी काही दिसलं नाही, तर लगेच माघारी वळू नका. झाकणी हलकी आहे, एका बोटाने उचलता येते.